छत्रीतली काडी

बाग काही मुकादमांच्या वाडवडिलांची नव्हती. ती सरकारी होती, एकशे वीस वर्षांची होती आणि सकाळी सहा ते संध्याकाळी सात सगळ्यांना खुली होती. पण फाटकाशी उभे राहून मुकादम ज्या नजरेने बाहेर पडणाऱ्यांच्या पिशव्यांकडे बघायचे, ती पाहिली की भल्याभल्यांना आपण त्यांच्याच घरातून काहीतरी उचलून चाललोय असं वाटायचं. एकतीस वर्षांत बागेत पुष्कळ गोष्टी मोडल्या, वठल्या, वाहून गेल्या. नजर मात्र शाबूत राहिली होती.

नियम साधा होता. फूल, फांदी, काडी, बी, काहीही बाहेर न्यायचं नाही. सापडलात तर फाटकावरच्या खोलीत लाल पुठ्ठ्याची वही असायची. तिच्यात आपल्या हाताने नाव लिहायचं, खाली 'मी फांदी तोडली. पुन्हा तोडणार नाही.' एवढं लिहायचं आणि सही करायची. दंड नाही, आरडाओरडा नाही. पण मोठी माणसं त्या दोन वाक्यांना जेवढी घाबरत, तेवढी दंडालाही घाबरली नसती. त्या वहीत एका शाळेचे मुख्याध्यापक होते, दोन डॉक्टर होते, एक निवृत्त न्यायाधीश तर दोनदा होते. दुसऱ्या वेळी त्यांचं अक्षर जरा सुधारलेलं होतं.

आणि बावीस वर्षांपूर्वीच्या एका पानावर मुकादमांची थोरली मेहुणी होती.

तिला सगळं घर ताई म्हणायचं, मुकादमही. ताईंचं शिवणकामाचं दुकान होतं. हात कात्रीवर बसलेला आणि जीभ कात्रीहून धारदार. त्या दिवशी त्या धाकट्या बहिणीला, म्हणजे मुकादमांच्या बायकोला, घेऊन बाग बघायला आल्या होत्या. निघताना त्यांच्या मिटलेल्या छत्रीतून एक हिरवं टोक डोकावत होतं. दुसऱ्या कुणीही कानाडोळा केला असता. मुकादमांनी छत्री उघडायला लावली. आतून गुलाबाची वीतभर काडी पडली, तीही बागेतल्या सगळ्यात जुन्या, मूळ गुलाबाची.

"ताई, वही आत आहे," मुकादम म्हणाले.

मागे अकरा माणसं खोळंबली होती. मुकादमांची बायको शेजारच्या झाडाकडे फार लक्ष देऊन बघू लागली. ताईंनी मात्र झोकात लिहिलं, सही केली आणि पेन खाली ठेवलं.

"झालं समाधान, फौजदार? आता तुम्ही माझ्या दारात याल, तेव्हाच मी या बागेत पाऊल टाकीन."

"बघू," मुकादम म्हणाले.

त्यांना वाटलं, पंधरा दिवसांत मिटेल. बावीस वर्षं झाली. कुणाच्या लग्नात गाठ पडली की ताई लांबूनच हाक मारायच्या, "या फौजदार, आमच्या पर्सा तपासून घ्या," आणि सगळे हसायचे. मुकादमही हसल्यासारखं करायचे. पण ते कधी ताईंच्या गल्लीत गेले नाहीत आणि ताई बागेत आल्या नाहीत. दोघांच्याही हट्टाला खत घालायची कधी गरज पडली नाही.

गेल्या वर्षी वरच्या लोकांच्या मनात आलं की बाग पुन्हा मूळच्यासारखी करायची. कुठल्याशा कपाटात जुना नकाशा सापडला होता. त्याच्यामागोमाग एक संशोधक बाई आल्या, वय पस्तिशीचं, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. माळ्यांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव भिंगवाल्या बाई असं ठेवून टाकलं. मुकादमांना त्यांचा राग यायला चार दिवस पुरले. बाईंनी आधी वाळकी पानं जाळणं बंद केलं, मग फवारणीचे पंप कुलपात घातले, मग एके सकाळी नकाशा गवतावर पसरून विचारलं, "मुकादम, या बागेला पहिली साठ वर्षं नळ नव्हता. छपरांवरचं पाणी दगडी पन्हळींतून हौदात यायचं. त्या पन्हळी कुठे गेल्या?"

"बुजवल्या."

"कुणी?"

"मी," मुकादम म्हणाले. "वरून हुकूम होता."

बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं. न बोलता लिहून घेणाऱ्या माणसाचं मुकादमांना काय करावं ते कळत नसे. दोन महिने खपून माळ्यांनी पन्हळी उकरून काढल्या. पाऊसकाळ गेला, हौद भरला आणि भर उन्हाळ्यातही तळाला लागला नाही. मुकादम रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन काठीने पाण्याची खोली मोजायचे. पालापाचोळ्याचा खड्डा उघडला तेव्हा आतलं काळं, भुसभुशीत खत मुठीत घेऊन त्यांनी नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरलं. राग ओसरला होता. तो ओसरलाय हे बाईंना कळू द्यायचं नाही, एवढी काळजी ते घेत होते.

हौदाच्या भिंतीवर निळ्या फुलांचा एक वेल होता, पानांच्या कडेला जांभळी रेघ असलेला. बाईंनी विचारलं, "हा आणखी कुठे आहे?"

"एकच आहे. कुणाला हात लावू देत नाही मी," मुकादम छाती काढून म्हणाले.

"एकच," बाई म्हणाल्या आणि हेही लिहून घेतलं. त्यांचा चेहरा काही खूश दिसला नाही.

मग पाळी आली गुलाबाची. नकाशात बागेच्या मधोमध अष्टकोनी वाफा होता. आठ कोपरे, कोपऱ्याला आठ रोपं, असे एकाच जातीचे चौसष्ट गुलाब. आता त्यांतला एकच उरला होता. भोवती लोखंडी कठडा, पुढे पाटी: 'बागेतील मूळ गुलाब. हात लावू नये.' पाटी मुकादमांनी स्वतः रंगवली होती. त्यांच्या आधी जे थोरले माळी होते, त्यांनी निवृत्त होताना मुकादमांना या झाडापाशी आणून सांगितलं होतं, "बाकीची बाग कुणीही सांभाळेल. हा तू सांभाळ." थोरले माळी पुढे वारले. मुकादम अजूनही या झाडापाशी आले की टोपी काढायचे.

बाईंनी जुनी नोंद वाचून दाखवली. "कळी जर्दाळूच्या रंगाची, उमलली की पांढरट. पाकळ्या चाळीसच्या वर. काटे विरळ. वर्षातून तीनदा बहर. वास, चहाच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखा."

"अगदी बरोबर," मुकादम म्हणाले.

"याला पाच पाकळ्या आहेत."

"वय झालं त्याचं. वय झालं की माणसाचे केस जातात, तशा गुलाबाच्या पाकळ्या जातात."

हे उत्तर ते वीस वर्षं लोकांना देत आले होते आणि आजवर कुणी शंका घेतली नव्हती. कदाचित ते हातात टोपी धरून बोलायचे म्हणूनही असेल. डोक्यावर दाखल्यापुरतेही केस नव्हते.

बाईंनी शंका घेतली नाही. त्यांनी खुरपं घेतलं, गुडघ्यांवर बसल्या आणि बुंध्याची माती हलक्या हाताने बाजूला केली. मग भिंग मुकादमांच्या हातात दिलं. मुकादमांना भिंगाची गरज पडली नाही.

गुलाब करायची एक जुनी रीत आहे. खाली रानगुलाबाचा खुंट घ्यायचा, चिवट मुळांचा, आणि त्याच्या सालीत चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, भरायचा. मुळं याची, फुलं त्याची. फक्त एक पथ्य पाळायचं. जोडाच्या खालून, खुंटातून फुटवा आला की तो तिथल्या तिथे काढायचा. नाहीतर रानटी फुटवा जोमाने वाढतो आणि वरच्याला उपाशी मारतो. हे माळ्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मुकादमांनी स्वतः निदान चाळीस जणांना शिकवलं होतं, आणि विसरणाऱ्याचा कानही धरला होता.

त्यांच्यासमोर जोडाची गाठ होती. गाठीवर राखाडी, पोकळ झालेलं एक लाकडाचं थोटूक होतं. कठड्यातला सगळा हिरवा पसारा त्या गाठीच्या चार बोटं खालून आला होता.

"म्हणजे हा खुंट आहे," बाई हळूच म्हणाल्या.

मुकादमांनी मान हलवली. वीस वर्षं ते रानगुलाबापुढे टोपी काढत होते.

कधी झालं हे त्यांना लगेच आठवलं. छत्रीच्या प्रकरणानंतर दोन वर्षांनी पाण्याची भयंकर टंचाई आली होती. बागेचं पाणी तोडलं होतं. गुलाब काळा पडला, एक पान राहिलं नाही. मुकादम घरातल्या आंघोळीच्या पाण्यातलं अर्धं वाचवून रोज सायकलच्या दांडीला बादली लावून आणायचे. अडीच महिने आणलं. आणि एके सकाळी बुंध्याशी एक लालसर फुटवा दिसला. मुकादमांनी नऊच्या नऊ माळ्यांना चहा पाजला. तो फुटवा जोडाच्या वरून आलाय की खालून, हे बघायला त्या दिवशी त्यांना कुणीही लावू शकलं नसतं. पुढे माती सरकून गाठ झाकली गेली आणि विषयच संपला.

"मी चार जुन्या बागांना पत्रं लिहिलीत," बाई म्हणाल्या. "कुणाकडेच हा राहिलेला नाही. महिन्याभरात काड्या मिळाल्या नाहीत, तर बागेची कमिटी अष्टकोनात फरशी घालून कारंजं बसवणार आहे. नळाच्या पाण्यावरचं."

एरवी कारंज्याबद्दल मुकादमांनी अर्धा तास ऐकवलं असतं. आज ते फक्त म्हणाले, "पाटी काढून ठेवतो."

त्या दिवशी ते वेळेआधी घरी गेले. त्यांची बायको भाजी चिरत होती. नवरा दुपारी तीनला घरी आलेला बघून तिने सुरी खाली ठेवली.

"बरं नाही का?"

मुकादमांनी सगळं सांगितलं. सांगताना मध्येच ते पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. "चार महिन्यांत निवृत्त होईन मी. थोरल्यांनी एक वस्तू सांभाळायला दिली होती. एकच. ती मी घालवली, आणि वर तिला पाटी लावून लोकांना दाखवत बसलो."

बायकोने सुरी पुन्हा उचलली. दोन फोडी केल्या.

"ताईकडे आहे."

"काय आहे?"

"गुलाब तुमचा."

"तो मी जप्त केला होता. माझ्या हाताने खड्ड्यात टाकला."

"छत्रीतला टाकलात," बायको म्हणाली. "अंबाड्यातला कुठे पाहिलात?"



"ताईचे केस तेव्हा केवढे होते आठवतंय ना? दोन काड्या सहज बसल्या. छत्रीतली तुमच्यासाठी होती. ती म्हणाली, त्याला एक सापडली की तो समाधानाने झोपेल, दुसरी शोधायचा नाही."

"आणि तुला माहीत होतं."

"अंबाडा मीच घातला होता."

मुकादम पाटावर बसले. इतकी वर्षं संसार ज्या बाईबरोबर केला, ती टोळीतली निघाली. "मला सांगावंसं नाही वाटलं कधी?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वही घेऊन गेला असता," बायको म्हणाली. "खरं सांगा, गेला नसता?"

मुकादमांनी खरं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, कापडात गुंडाळून खिशात ठेवलं आणि निघाले. ऊन चढलेलं होतं. बायकोने दारात छत्री हातात दिली आणि ती का हसतेय हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

ताईंच्या गल्लीच्या तोंडाशीच पहिला दिसला. एका खिडकीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात. जर्दाळूच्या रंगाच्या दोन कळ्या आणि एक उमललेलं, पांढरट, भरगच्च फूल. मुकादम थांबले. पुढच्या घराच्या जिन्यावर आणखी एक, तडकलेल्या बादलीत. समोर भिंतीच्या कडेने सलग तीन. दुरुस्तीच्या दुकानाबाहेर फुटक्या वॉशबेसिनमध्ये एक, तो तर माणसाच्या उंचीचा. कुणी कठडा घातला नव्हता, कुणी फवारलं नव्हतं, मुळाशी भाज्यांची सालं टाकलेली होती. मुकादमांनी बोटावर मोजायला सुरुवात केली आणि अकराव्याला नाद सोडला. ज्या गल्लीत पाय टाकायचा नाही म्हणून ते बावीस वर्षं लांबच्या रस्त्याने कामाला जात होते, त्याच गल्लीत त्यांची बाग राहायला आली होती. डोळे भरून आले ते त्यांनी उन्हावर ढकललं.

ताई दुकानाच्या दारातच मशीनवर बसल्या होत्या. केस आता पांढरे आणि विरळ, अंबाडा लिंबाएवढा. चष्म्यावरून त्यांनी पाहिलं आणि मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"फौजदार. झडतीचा कागद आणलाय का?"

"सहज आलो होतो, ताई."

"सहज. बावीस वर्षांनी." त्यांनी दोरा दाताने तोडला. "बसा. बहीण बरी आहे ना माझी?"

"बरी आहे."

"मग कशाला आलात?"

मुकादमांनी उन्हाळ्याबद्दल सांगितलं. हौदात पाणी किती आहे ते सांगितलं. वाळक्या पानांचं खत कसं होतं हेही सांगितलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "छान. आता कशाला आलात ते सांगा."

"मूळ गुलाब मेला, ताई. माझ्या हातून मेला. वीस वर्षांपूर्वीच, आणि मला काल कळलं." मुकादम जमिनीकडे बघून बोलत होते. "तुम्ही नेलात त्याचाच आता काय तो आधार आहे."

ताईंनी चष्मा काढला. फौजदाराला चिमटा काढायचा म्हणून त्यांनी बावीस वर्षं बरंच काही जमवून ठेवलं असणार, पण त्यातलं एकही वाक्य त्यांना त्या वेळी काढवलं नाही. त्या उठल्या आणि मागच्या अंगणाचं दार उघडलं. अंगण म्हणजे दोन खाटांची जागा. भिंतभर तो गुलाब होता, बुंधा मनगटाएवढा, वर इतक्या कळ्या की त्या मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नसतं.

मुकादम वाकले. या खेपेला आधी बुंध्याची माती सारली. गाठ नव्हती, जोड नव्हता. काडीवरच वाढलेलं झाड, स्वतःच्या मुळांवर उभं.

"खालून फुटलं तरी तोच, वरून फुटलं तरी तोच," ते स्वतःशीच म्हणाले.

"माझ्यासारखा," ताई म्हणाल्या. आता त्या पुन्हा ताळ्यावर आल्या होत्या.

"काड्या द्याल का, ताई? शंभरेक लागतील. गल्लीतल्यांनाही विचारीन."

"देणार नाही."

मुकादमांनी वर पाहिलं.

"मला कुणी दिली होती का?" ताई म्हणाल्या. "मी आत जाऊन चहा टाकते. मला चहाला पाऊण तास लागतो. गल्लीतल्या बायकांना सांगून ठेवलंय, आज सकाळी कुणी कुंडीकडे बघायचं नाही. तुमची छत्री आहे ना बरोबर?"

म्हणजे बायकोचा निरोप त्यांच्या आधीच पोचला होता. ताई आत गेल्या. मुकादम अंगणात एकटे उभे राहिले, खिशात सिकेटर, हातात छत्री, अगदी चोरासारखे. एकतीस वर्षांत त्यांनी आपोआप गळून पडलेलं फूलही घरी नेलं नव्हतं. पहिली काडी वाकडी कापली गेली. दुसरी बरी कापली गेली. दहाव्या काडीनंतर ते चक्क निवडून, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, चार डोळ्यांच्या काड्या घेऊ लागले.

"नखाने तोडू नका, फौजदार," आतून आवाज आला. "तिरपा काप द्या."

छत्री निम्मी भरली, तशी काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून मुकादम गल्लीतून निघाले. दर खिडकीपाशी थांबून आणखी दोन-चार काड्या कापल्या. बायका खरंच आकाशाकडे बघत उभ्या होत्या, त्यातली एक तर शिट्टी वाजवत होती.

बागेच्या फाटकावर रखवालदार बाई बसलेल्या होत्या, चौदा वर्षं मुकादमांच्या हाताखाली तयार झालेल्या. त्यांनी हात आडवा केला.

"मुकादम, छत्री उघडा."

"अहो, मी आत चाललोय. बाहेर नाही."

"बाहेरची काडी आत आणायची नाही, कीड येते. नियम क्रमांक तीन. तुमच्याच अक्षरात आहे, ही काय पाटी."

मुकादमांनी छत्री उघडली. शंभरावर काड्या फाटकात पसरल्या. भिंगवाल्या बाई आवाज ऐकून बाहेर आल्या, एक काडी उचलली, एक कळी नाकाशी नेली, डोळे मिटले. नंतर त्यांनी एकेक काडी भिंगाखाली धरून कीड नसल्याचं रखवालदार बाईंना दाखवलं, तेव्हा कुठे काड्या आत गेल्या.

"आणि वही?" रखवालदार बाईंनी विचारलं.

"आणा," मुकादम म्हणाले. "पण नवं पान नको. मागचं काढा. बावीस वर्षांपूर्वीचं."

ते बराच वेळ लिहीत बसले. काय लिहिलं ते रखवालदार बाईंनी वाचलं, पण कुणाला सांगितलं नाही.

या वेळी डोळा भरायचा नाही, खुंट नाही, काडीवरच वाढवायचं असं मुकादम आणि भिंगवाल्या बाई दोघांनी एकाच दमात ठरवलं. वाळूच्या वाफ्यात काड्या लावल्या, हौदाचं पाणी, वर सावली. एकशे सात लावल्या, एकोणऐंशी लागल्या. कमिटीने अष्टकोनात येऊन ताईंच्या गल्लीतून आणलेल्या फुलाचा वास घेतला आणि कारंज्याचा विषय पुन्हा निघाला नाही. चौसष्ट रोपं जमिनीत गेली, मुळाशी पानांच्या खताचा हातभर थर. उरलेली पंधरा कुठे ठेवायची असं बाईंनी विचारलं, तेव्हा मुकादम म्हणाले, "गल्लीतल्यांच्या कुंड्या उघड्या पडल्यात. त्यांना देऊन टाकू." बाईंनी हेही लिहून घेतलं, पण या वेळी त्या हसल्या.

पहिल्या कळ्या आल्या त्या आठवड्यात ताई आल्या. मुकादमांच्या नोकरीचे तेव्हा सहा दिवस उरले होते. ताई बहिणीचा हात धरून फाटकातून आत शिरल्या आणि आधी खोलीत जाऊन म्हणाल्या, "माझं पान दाखवा."

रखवालदार बाईंनी वही उघडून दिली. ताईंच्या सुरेख अक्षरातल्या दोन वाक्यांखाली मुकादमांचं किरटं अक्षर होतं. 'यांनी फांदी तोडली म्हणून गुलाब वाचला. मी राखण केली आणि मरू दिला. तेव्हा यांना इथे लिहायला लावलं ते चुकलं.' खाली सही, आणि तारीख.

ताईंनी ते दोनदा वाचलं. मग वही मिटली आणि पदराने पुठ्ठ्यावरची धूळ पुसली, नसलेली. त्यानंतर अष्टकोन बघून झाला, पन्हळी बघून झाल्या, हौदापाशी त्या बराच वेळ बसल्या. त्या पूर्ण वेळात त्यांनी मुकादमांना एकदाही फौजदार म्हटलं नाही, तेव्हा मुकादमांच्या बायकोला काळजी वाटू लागली.

निघताना मुकादम नेहमीच्या जागी, फाटकाशी उभे होते. मागे थोडी रांग झाली होती. ताई पुढे आल्या आणि कुणी सांगायच्या आत छत्री उघडून, उलटी करून, झटकून दाखवली. छत्री रिकामी होती.

"बघून घ्या. नीट बघा."

मुकादमांनी छत्री बघितली. मग त्यांची नजर सवयीने वर गेली. ताईंच्या लिंबाएवढ्या पांढऱ्या अंबाड्यातून एक पान बाहेर आलं होतं, कडेला जांभळी रेघ असलेलं. हौदाच्या भिंतीवरचा तो वेल सबंध बागेत एकच होता. मुकादमांची बायको शेजारच्या झाडाकडे फार लक्ष देऊन बघत होती.

मुकादमांनी रांगेकडे एकदा पाहिलं. मग ते ताईंच्या आणि रांगेच्या मध्ये पाठ करून उभे राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, अंबाडा जरा नीट करा. पान दिसतंय."